चिकटवलेले जुने व्हिनाइल काढताना : वाचकांचे प्रश्न

जमिनीला गोंदाने चिकटवलेले जुने व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचे आच्छादन, कसे काढावे, अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे बरीच आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख लवकरात लवकर उरकेल असा एखादा उपाय मिळावा याकडे आहे. माझा आग्रह मात्र असा आहे की, खरवडणी हातात घेण्यापूर्वी आच्छादन किती जुने आहे, ते कशाने चिकटवले आहे आणि त्याच्याखाली कोणती जमीन आहे, हे ठरवून घ्यावे. व्हिनाइल फेकूनच द्यायचे असते. सांभाळायची असते ती खालची जमीन आणि काम करणाऱ्यांची फुप्फुसे. या दोहोंचे होणारे नुकसान बहुतेक वेळा घाईमुळेच होते.

प्रश्न : आम्ही घेतलेले घर पन्नास वर्षांहून जुने आहे. स्वयंपाकघरात नऊ इंची चौकोनी, कडक, ठिपक्याठिपक्यांच्या लाद्या आहेत. एक लादी उचकटली तेव्हा ती तुटली आणि खाली डांबरासारखा काळा थर दिसला. उरलेल्या लाद्या छिन्नीने फोडून काढाव्यात का?

उत्तर : कृपया काम तूर्त थांबवावे. आपण वर्णन केलेल्या लाद्या व्हिनाइल आणि ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज यांच्या मिश्रणाच्या असण्याची शक्यता बरीच आहे आणि खालच्या काळ्या डांबरी गोंदातही ॲस्बेस्टॉस असू शकते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून साधारण १९८० च्या दशकापर्यंत अशा लाद्या अनेक देशांत मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. नऊ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर, हे त्या काळचे अगदी प्रचलित माप होते. पुढे बारा इंची लाद्या रूढ झाल्या आणि त्यांतही ॲस्बेस्टॉस वापरले गेले. म्हणून माप हा केवळ एक संकेत समजावा, पुरावा समजू नये. वर्षावरूनही सर्वत्र एकच निष्कर्ष काढता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली, ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस आणि युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर व्यापक बंदी आली, तर काही देशांत ते त्यानंतरही वापरात राहिले.

ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके सूक्ष्म असतात की ते हवेत दीर्घकाळ तरंगत राहतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे त्यातून उद्भवणारे आजार होत, आणि मेसोथेलिओमा बहुधा संपर्कानंतर वीस ते चाळीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा प्रकट होतो. काम करताना खोकला आला नाही, डोळे चुरचुरले नाहीत, म्हणून धोका नव्हता असे मानता येत नाही ते यामुळेच. दिलासा देणारी बाब अशी की, लादी अखंड असेपर्यंत हे तंतू व्हिनाइलमध्ये घट्ट बांधलेले राहतात. त्यांच्यावरून चालण्याने फारसा धोका संभवत नाही. लादी फोडणे, घासणे, कोरडी खरवडणे किंवा तिच्यावर ग्राइंडर फिरवणे यांमुळे ते मोकळे होतात. लाद्यांपेक्षा जुन्या अखंड व्हिनाइल शीटविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण त्यांच्या पाठीला लावलेल्या जाड कागदासारख्या थरात ॲस्बेस्टॉसचे प्रमाण पुष्कळ असू शकते आणि तो थर हाताने ओढतानाच फाटून सुटतो.

ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे डोळ्यांनी, वासाने किंवा लादीच्या रंगावरून ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासावा लागतो. नमुना प्रशिक्षित व्यक्तीकडून घेतला जाणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल आणि आपल्या भागातील नियमांनुसार तशी मुभा असेल, तर पंखा बंद करून, साबणाचे थेंब घातलेल्या पाण्याने ती जागा पूर्ण ओली करून, आपण तोडलेल्या लादीचाच लहानसा तुकडा उचलावा. तो एकात एक अशा दोन पिशव्यांत बंद करावा आणि उघड्या पडलेल्या जागेवर रुंद चिकटपट्टी लावावी. काळ्या गोंदाचा नमुना वेगळा द्यावा, कारण लादीत ॲस्बेस्टॉस नसले तरी गोंदात ते सापडू शकते. तुटलेल्या लादीचा चुरा झाडू नये आणि घरातील साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढूही नये, कारण त्याच्या गाळणीतून असे तंतू निसटून पुन्हा खोलीभर पसरतात. ओल्या फडक्याने चुरा टिपून घ्यावा आणि फडक्यासह पिशवीत बंद करावा.

तपासणीत ॲस्बेस्टॉस आढळल्यास लाद्या काढण्याचे काम स्वतः करू नये, ते अधिकृत कामगारांकडे सोपवावे. मात्र काढणे हाच एक मार्ग आहे असे नाही. लाद्या जमिनीला घट्ट असतील तर त्या तशाच ठेवून वर नवे आच्छादन घालणे हा मान्य आणि बहुतेक वेळा अधिक सुरक्षित उपाय आहे. तसे केल्यास खाली काय आहे याची लेखी नोंद घराच्या कागदपत्रांत अवश्य ठेवावी, म्हणजे पुढे जमिनीला छिद्र पाडणाऱ्या माणसाला ते आधी कळेल.

प्रश्न : आमच्याकडे सिमेंटच्या कोब्यावर चिकटवलेली व्हिनाइल शीट आहे. ती आम्हीच दहा वर्षांपूर्वी बसवून घेतली होती आणि त्यात ॲस्बेस्टॉस नाही असे उत्पादकाने लेखी कळवले आहे. कोपरा ओढला की वरचा गुळगुळीत थर निघतो, पण खाली लोकरीसारखा कागदी थर चिकटून राहतो. घरच्या घरी हे काम कसे करावे?

उत्तर : आपण आधी चौकशी केलीत हे उत्तम झाले. आता निर्धास्तपणे काम करता येईल.

खोली रिकामी करून स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) आणि दारातील धातूची पट्टी काढून घ्यावी. त्यानंतर कोपऱ्यापासून सुरुवात न करता खोलीच्या मध्यभागी एक वीतभर चौकोन कापून पाहावा. काही शीट संपूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून बसवलेल्या असतात, तर काही केवळ कडांना आणि सांध्यांना चिकटवलेल्या असतात. मधला तुकडा सहज उचलला गेला, तर आपले बहुतेक काम हलके झाले असे समजावे. मधला भाग गुंडाळून बाहेर काढावा आणि मेहनत कडांसाठी राखून ठेवावी.

संपूर्ण चिकटवलेली शीट असल्यास धारदार कटरने तिचे पंधरा ते वीस सेंटिमीटर रुंदीचे लांब पट्टे पाडावेत. रुंद पट्टा ओढायला जितका जड जातो तितका तो मध्येच फाटतो, म्हणून अरुंद पट्ट्यांचा कंटाळा करू नये. कटरचे पाते वारंवार बदलावे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि ते निसटून इजा करते. पट्ट्याचे एक टोक सुटे करून ते एखाद्या नळीभोवती गुंडाळत, जमिनीलगत आणि सावकाश ओढावे. झटका दिला की वरचा थर निघतो आणि पाठीचा थर जागच्या जागी राहतो, जे आपल्याकडे घडले आहे. व्हिनाइल कालांतराने कडक होते, कारण त्याला लवचीक ठेवणारी द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात. अशा वेळी थोडी ऊब दिल्याने ते आणि खालचा गोंद दोन्ही नरम होतात. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) वापरायची असल्यास ती सर्वांत कमी तापमानावर ठेवावी, वीतभर अंतरावरून सतत फिरवत राहावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात. अनेक हीट गन पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे जातात, आणि व्हिनाइल त्याच्या कितीतरी आधी करपू लागून हायड्रोजन क्लोराइड हा घशाला व डोळ्यांना जाळणारा वायू सोडते. पृष्ठभाग मऊ होणे पुरेसे आहे. त्यावर फुगे आले किंवा वास सुटला तर उष्णता जास्त झाली आहे. गॅसची ज्योत या कामासाठी कधीही वापरू नये.

आता मागे राहिलेला कागदी थर. तो कोरडा असताना खरवडण्यात दिवस घालवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मेहनतीबद्दल आदर बाळगूनही मला सांगावेसे वाटते की हे काम हातांवर न टाकता पाण्यावर सोपवावे. गरम पाण्यात भांडी घासण्याचा द्रवसाबण थोडा घालून ते पाणी सुमारे एक चौरस मीटर भागावर शिंपडावे, वर जुनी चादर किंवा टॉवेल पसरून पुन्हा ओले करावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. कागद पाणी पिऊन फुगला की रुंद पात्याच्या खरवडणीखाली तो लगद्यासारखा गोळा होतो. न निघाल्यास जोर वाढवू नये, पुन्हा भिजवावे. एक भाग खरवडत असताना पुढचा भाग भिजत ठेवला तर वेळ वाया जात नाही. खरवडणीचे पाते जमिनीशी साधारण तीस अंशांचा कोन करून, नेहमी शरीरापासून दूर ढकलावे. मोठ्या खोलीसाठी लांब दांड्याची खरवडणी घ्यावी, कारण उभ्याने काम केल्यास कंबर आणि गुडघे दोन्ही वाचतात. जमिनीलगतच्या विजेच्या जोडण्यांजवळ पाणी वापरण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा. लगदा ओला असतानाच भरून बाहेर न्यावा, कारण वाळल्यावर तो पूर्वीइतकाच घट्ट बसतो.

प्रश्न : शीट निघाली, पण जमिनीवर गोंदाचा चिकट थर उरला आहे. दुकानदार थिनर सुचवतो आणि एका परिचितांनी पेट्रोलने पुसण्याचा सल्ला दिला आहे. काय वापरावे?

उत्तर : पेट्रोल वापरू नये, हे प्रथम निःसंदिग्धपणे सांगतो. पेट्रोलची वाफ शून्याखालील तापमानालाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते आणि दाराखालून शेजारच्या खोलीतही जाते. फ्रिजच्या आतील स्विचची ठिणगी किंवा बाजूच्या खोलीतील गॅसची शेगडी तिला पुरेशी असते. थिनरमध्ये बहुधा टोल्युईनसारखे द्रावक असतात आणि बंद खोलीत त्याचा धोकाही याच जातीचा आहे. पूर्वी रंग आणि गोंद काढण्यासाठी डायक्लोरोमिथेन असलेली द्रावणे सर्रास विकली जात. लहान बंद जागेत त्यांच्या वाफेने माणसे बेशुद्ध होऊन दगावली आहेत, आणि शरीरात गेलेल्या या द्रव्याचे अंशतः कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. अमेरिकेने २०१९ साली रंग काढण्यासाठी ते सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी घातली. आपल्या हाती आलेल्या डब्यावर हे नाव असेल तर तो परत करावा.

द्रावकांविरुद्ध आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. कोबा सच्छिद्र असतो. द्रावकाने पातळ झालेला गोंद वर येतो तसाच खालीही उतरतो आणि छिद्रांत जाऊन बसतो. वरून जमीन स्वच्छ दिसते, नवे आच्छादन चिकटवले जाते आणि काही महिन्यांनी आत राहिलेले द्रावक नव्या गोंदाला मऊ करू लागते. म्हणून नवे आच्छादन चिकटवायचे असेल, तर जुना गोंद शक्य तितका खरवडूनच काढावा आणि द्रावक हा अगदी शेवटचा उपाय ठेवावा.

गोंद ओळखण्यासाठी खोलीच्या एका कोपऱ्यात हातभर जागेवर लहान चाचण्या घ्याव्यात. तपकिरी, ठिसूळ गोंद गरम पाण्याने ढिला होत असेल तर तो पाण्यात विरघळणाऱ्या जुन्या प्रकारातला आहे, आणि आपले काम केवळ पाणी व फडके यांनी होईल. पांढरट किंवा फिकट पिवळा, बोटाला चिकटणारा गोंद बहुधा ॲक्रिलिक असतो. साबणाच्या गरम पाण्याने तो मऊ पडतो आणि खरवडणीखाली वळकट्यांसारखा गोळा होतो. पिवळा-तपकिरी, रबरासारखा ताणला जाणारा गोंद पाण्याला दाद देत नाही, परंतु सौम्य उष्णतेने बराच सुटतो. काचेसारखा कडक गोंद इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन असू शकतो, आणि त्यावर घरगुती द्रावक वाया घालवू नयेत. तो यंत्रानेच काढावा लागतो. काळा गोंद दिसल्यास पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा वाचावे आणि तपासणीशिवाय त्याला हात लावू नये.

द्रावक वापरणे अगदी अटळ झालेच, तर सौम्य वासाचे, जेलसारखे आणि मंद गतीने काम करणारे द्रावण निवडावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, घरातील प्रत्येक ज्योत विझवावी आणि द्रावणाला पुरेसा वेळ द्यावा. वनस्पती तेलांपासून केलेली काही द्रावणे वापरायला सौम्य असतात, परंतु ती मागे तेलकट थर सोडतात. तो साबणाच्या पाण्याने दोन-तीन वेळा धुतल्याशिवाय त्यावर काहीही चिकटत नाही. द्रावकाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती मोकळ्या हवेत पसरून वाळू द्यावीत.

गोंद किती काढावा, हे पुढे काय घालायचे आहे त्यावर ठरते. नुसती पसरून ठेवायची किंवा खटके जुळवून बसवायची पट्ट्यांची जमीन असेल, तर उंचवटे घालवून चिकटपणा मारला की पुरे. सिमेंटमध्ये फरशी बसवायची असेल, तर मात्र गोंद पूर्णपणे गेला पाहिजे, अन्यथा सिमेंट कोब्याला धरत नाही. नवे व्हिनाइल चिकटवायचे असेल, तर नव्या गोंदाच्या उत्पादकाची सूचना पाहावी. काळ्या डांबरी गोंदाचा पातळ थर राहिला आणि त्यावर थेट नवे व्हिनाइल आले, तर डांबरातील तपकिरी डाग काही काळाने वर उमटतात आणि ते कशानेही पुसले जात नाहीत.

कोब्यावर ग्राइंडर फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. गोंद जाड असेल तर घर्षणाच्या उष्णतेने तो वितळून चकतीवर लपेटला जातो आणि काम पुढे सरकत नाही. गोंद पातळ असेल तर कोब्यातील वाळूची अतिसूक्ष्म सिलिका धूळ उडते, आणि तीही फुप्फुसांना कायमची इजा करणारी आहे. धूळ ओढून घेणारे आवरण आणि योग्य गाळणीचे यंत्र असल्याशिवाय ग्राइंडर भाड्याने आणू नये.

प्रश्न : व्हिनाइलखाली संगमरवराची जमीन आहे आणि शेजारच्या खोलीत मोझेक आहे, असे दिसले. ती मूळ जमीन पुन्हा वापरात आणता येईल का?

उत्तर : बहुतेक वेळा आणता येते, आणि माझ्या मते ती आणावीच. आपल्या पत्रातील आनंद मी समजू शकतो. परंतु येथे सर्वांत अधिक सबुरी लागते, कारण कोब्यावर पडलेला ओरखडा झाकला जातो आणि संगमरवरावरचा कायम दिसत राहतो.

संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेटचा दगड आहे आणि मोझेकमध्ये त्याच दगडाचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. कोणतेही आम्ल त्यांना खाते. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल, व्हिनेगर, लिंबू यांपैकी काहीही गोंदावर ओतू नये. गोंद तसाच राहील आणि दगडाची झिलई जाईल. लोखंडी खरवडणीऐवजी कडक प्लास्टिकचे पाते घ्यावे. ते लवकर झिजते, तरीही तेच वापरावे. साबणाच्या गरम पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास ठेवून, गोंद नरम झाल्यावर, दाराआडच्या एखाद्या न दिसणाऱ्या लादीवर प्रथम प्रयोग करावा.

गोंद निघाल्यावर अनेकदा पिवळसर डाग उरतात. ते दगडाच्या पृष्ठभागावर नसून त्याच्या छिद्रांत असतात, त्यामुळे घासून जात नाहीत. अशा डागांवर लेप लावतात. खडूची बारीक भुकटी किंवा टाल्कम पावडर मिनरल टर्पेंटाइनमध्ये दाट कालवून डागावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा, वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस तसेच ठेवावे. नंतर प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो डागातील द्रव्य दगडातून वर ओढून घेतो. एका लेपाने डाग फिका होईल, जाण्यासाठी तो पुन्हा लावावा लागेल. टर्पेंटाइन ज्वलनशील आहे, त्यामुळे वर सांगितलेली काळजी येथेही घ्यावी.

व्हिनाइल बसवणाऱ्यांनी गोंदाची पकड वाढावी म्हणून जमिनीला छिन्नीने टाके (लहान खड्डे) मारले असतील, तर मात्र हाताने होणारे काम तेथे संपते. खड्डे भरून पाण्यासह घासाई आणि पॉलिश करणाऱ्या कारागिरांना बोलवावे. त्यांच्या यंत्राचा दगड पृष्ठभागाचा बारीक थर काढतो, त्याबरोबर गोंदाचा शेवटचा अंशही जातो. म्हणूनच पॉलिश करून घेण्याचे ठरलेच असेल, तर शेवटच्या पुसट डागांसाठी आठवडे घालवू नयेत. यातही अट तीच : गोंद काळा असेल, तर यंत्र लावण्यापूर्वी तपासणी झालेली असावी.

प्रश्न : व्हिनाइल उचलल्यावर खालचा गोंद ओला, पांढरट आणि लोण्यासारखा मऊ निघाला. खोलीत गोडसर, डोके धरणारा वास येतो. गोंद पुसून लगेच नवी शीट घालावी का?

उत्तर : लगेच घालू नये. गोंद जुना होऊन असा मऊ पडत नाही. त्याला खालून ओल मिळत आहे. व्हिनाइल पाण्याची वाफ जवळजवळ वर येऊ देत नाही, त्यामुळे कोब्यातून वर येणारा दमटपणा त्याच्याखाली कोंडला जातो. कोब्यातील ओल क्षारधर्मी असते, आणि ती ॲक्रिलिक गोंद व व्हिनाइलला लवचीक ठेवणारी द्रव्ये या दोहोंचे विघटन करते. त्यातून २-इथिलहेक्सॅनॉल नावाचे अल्कोहोल तयार होते, आणि आपण वर्णन केलेला वास बहुधा त्याचाच आहे. काही अंश कोब्यात शोषला गेलेला असतो, म्हणून गोंद पुसल्यावरही वास काही दिवस टिकतो.

गोंद खरवडून, जमीन धुऊन मोकळी ठेवावी आणि खोलीत वारा खेळू द्यावा. त्यानंतर सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी जमिनीला चिकटपट्टीने बंद करून किमान सोळा तास ठेवावा. प्लास्टिकच्या आतील बाजूला थेंब आले किंवा खालचा कोबा गडद झाला, तर ओल अद्याप येत आहे. अशी चाचणी खोलीच्या दोन-तीन ठिकाणी करावी. केवळ भिंतीलगत ओल दिसली तर जलवाहिनीची गळती किंवा बाहेरून येणारे पाणी शोधावे. सर्वत्र सारखी दिसली तर ती जमिनीतून येत असावी. प्लास्टिक कोरडे राहिले तरी पूर्ण खात्री देत नाही, कारण खोलवरची ओल एवढ्या वेळात वर येईलच असे नाही. महागडे आच्छादन चिकटवायचे असेल, तर कोब्यात छिद्र पाडून आतील आर्द्रता मोजणाऱ्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. ओलीचे कारण दूर झाल्याशिवाय घातलेली नवी शीट याच अवस्थेला पोहोचेल.

प्रश्न : वरच्या मजल्यावरची जमीन लाकडी असून तिच्यावरील प्लायवूडला व्हिनाइल चिकटवलेले आहे. तेथेही पाणी वापरावे का?

उत्तर : अगदी बेताने. प्लायवूडचे थर पाण्याने सुटतात, म्हणून फवाऱ्याने ओलावा द्यावा, पाच-दहा मिनिटांतच खरवडावे आणि लगेच कोरडे पुसावे. पट्टे पाडताना कटर केवळ व्हिनाइलपुरताच खोल जाऊ द्यावा आणि खरवडणी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावी. प्लायवूडचा वरचा थर ठिकठिकाणी सोलला जाऊ लागला, तर हट्ट सोडावा. पातळ प्लायवूड स्क्रूने किंवा खिळ्यांनी बसवलेले असेल, तर ते व्हिनाइलसह मोठ्या तुकड्यांत उचलून नवे घालणे वेळेच्या आणि खर्चाच्या दृष्टीने अनेकदा परवडते. जुन्या घरात हे करण्यापूर्वीही ॲस्बेस्टॉसची तपासणी चुकवू नये, कारण प्लायवूड कापले की त्यावरचे व्हिनाइलही कापले जाते.

प्रश्न : काढलेल्या व्हिनाइलचा मोठा ढीग साचला आहे. अंगणात जाळून टाकता येईल का?

उत्तर : जाळू नये. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड तर निघतोच, शिवाय उघड्यावरच्या अर्धवट ज्वलनात डायॉक्सिन ही दीर्घकाळ टिकणारी विषारी द्रव्येही तयार होतात, आणि ती राखेबरोबर मातीत राहतात. पट्टे गोंदाची बाजू आत ठेवून घट्ट गुंडाळावेत, दोरीने बांधावेत आणि बांधकामाचा राडारोडा स्वीकारणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे द्यावेत. गोंद लागलेले व्हिनाइल भंगारात सहसा कोणी घेत नाही, त्यामुळे त्या प्रयत्नात ते घरात साठवून ठेवू नये. उरलेले द्रावक मोरीत ओतू नयेत. झाकण घट्ट लावून, डब्यावर नाव लिहून, घातक कचऱ्याच्या संकलनासाठी वेगळे ठेवावेत. ॲस्बेस्टॉस असलेला माल या ढिगात मिसळू नये. त्याची बांधणी, वाहतूक आणि विल्हेवाट यांचे नियम वेगळे असतात, आणि ज्या अधिकृत कामगारांनी तो काढला त्यांच्याकडूनच विल्हेवाटीची पावती मागून घ्यावी.